उतरायचा गिअर

गाडी घेतल्यावर पहिले सहा महिने मी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत होतो : ‘ऑल-व्हील ड्राइव्ह आहे.’ सेकंड हँड असली तरी क्रॉसओव्हर होती, ऑटोमॅटिक होती आणि मागच्या दारावर ती तीन अक्षरं चकाकत होती. उचगावात आमच्या गल्लीत अशी दुसरी गाडी नव्हती. खरं तर पुण्यातल्या ऑफिसला जायला आणि महिन्यातून एकदा हायवेनं घरी यायला चारही चाकं फिरवणारी गाडी लागत नाही. पण चार चाकं ओढतात म्हणजे चार चाकं सांभाळतातही, असं मी मनात धरून चाललो होतो.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आई, मामा, मामी आणि धाकटी बहीण यांना घेऊन कणकवलीला मावशीकडे निघालो. कळे, साळवण करत गगनबावड्यापर्यंत पाऊस अंगावर घेत गाडी मस्त आली. ओल्या चढावर चाक एकदाही फिरलं नाही. मी दोनदा तरी म्हणालो, ‘बघा, ही ऑल-व्हीलची कमाल.’

मग करूळ घाट सुरू झाला. धुकं, ओला रस्ता, उतार. मी ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत होतो. सात-आठ वळणांनंतर एक जळकट वास आला. पुढच्या वळणावर दरडीचे दोन-तीन दगड रस्त्यात पडलेले दिसले आणि मी ब्रेक जोरात दाबला. पायाखाली पेडल थरथरायला लागलं, खालून करकर असा आवाज आला. काहीतरी तुटलं, असं वाटून मी पाय उचलला. गाडी पुढं सरकली. आई ओरडली. पुन्हा दाबला, पुन्हा थरथर. या वेळी पाय दाबूनच धरला. गाडी दगडांपासून हातभर अंतरावर थांबली. डाव्या बाजूला कठडा होता आणि कठड्यापलीकडे नुसतं पांढरं धुकं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या सीटवरून मामानं विचारलं, ‘गिअर कितवा हाय?’

‘डी. ऑटोमॅटिक आहे, मामा.’

‘म्हंजे न्यूट्रलच की रं.’

मामानं आयुष्यातली वीस वर्षं कोल्हापूर-गगनबावडा मार्गावर वडापची जीप चालवली. त्याचं वाक्य तांत्रिकदृष्ट्या चूक होतं, हे मला माहीत होतं. पण गाडी कठड्याजवळ उभी होती आणि हात कापत होते, त्यामुळं वाद घातला नाही. पुढचा घाट मामानं सांगितल्याप्रमाणं, गिअरचा दांडा ‘एल’वर ओढून, ताशी वीसच्या वेगानं उतरलो.

नंतर मी शोधत गेलो. ब्रेकचा इतिहास, फोर-व्हीलचा इतिहास, घाटांचा इतिहास. सवयच आहे तशी. प्रॉडक्शनमध्ये काही पडलं की आम्ही मूळ कारण शोधतो. सापडलं ते असं : मामा तपशिलात चुकला होता, पण मुद्द्यात बरोबर होता. आणि माझ्या गाडीत जे नव्हतं, ते कधी आणि कसं गेलं, याची चांगली शंभर वर्षांची गोष्ट आहे.

घाटात आधी उतरण्याचा विचार

सह्याद्रीत रस्ता काढणाऱ्यांना चढापेक्षा उताराची भीती जास्त होती. चढावर फार तर गाडी अडते. उतारावर ती सुटते. बैलगाडीतसुद्धा चढावर बैल ओढतात, पण उतारावर सगळा भार त्यांच्या मानेवर येतो आणि गाडी बैलांनाच ढकलायला लागते.

बोरघाटातून चाकाच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला तो १८३० मध्ये. त्यानंतर १८५६ मध्ये तिथं रेल्वेचं काम सुरू झालं. जेम्स बर्कली हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य अभियंता. त्याच्या आखणीतला तीव्रतम उतार ३७ फुटांना एक फूट असा होता. मोटारीला हा उतार काहीच नाही, पण लोखंडी रुळावरच्या लोखंडी चाकाला तो भयंकर आहे. १८६३ मध्ये घाट सुरू झाला, तेव्हा खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटी करून पुढं नेणारं स्थानक होतं. ते १९२९ पर्यंत वापरात राहिलं.

मला सगळ्यात आवडली ती या घाटातली ‘कॅच सायडिंग’ नावाची सोय. मुख्य मार्गातून फुटून डोंगराच्या चढावर जाणारा आणि तिथंच संपणारा एक रूळ. खाली येणारी गाडी ताब्यात आहे, ती ठरलेल्या जागी थांबते, हे सिद्ध होईपर्यंत सांधा या आंधळ्या रुळाकडेच लावलेला असतो. गाडी सुटलेली असेल तर ती आपोआप चढावर जाते आणि तिथं तिचा वेग जिरतो. म्हणजे इथं गृहीतच असं धरलेलं आहे की, ब्रेक निकामी आहेत. ते चालतात, हे प्रत्येक गाडीनं दर वेळी दाखवून द्यायचं, मगच पुढचा रस्ता. सॉफ्टवेअरमध्ये ज्याला आम्ही ‘फेल-सेफ’ म्हणतो, ते दीडशे वर्षांपासून आपल्या घाटात लोखंडात उभं आहे.

दोन चाकांचे ब्रेक

मोटारी आल्या तेव्हा त्यांच्याकडं एवढाही विचार नव्हता. विसाव्या शतकाच्या पहिल्या वीसेक वर्षांत बहुतेक मोटारींना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असत. पुढच्या चाकांना ब्रेक लावला तर गाडी फिरेल, स्टिअरिंग हातातून जाईल, अशी भीती होती. शिवाय वळणाऱ्या चाकापर्यंत ब्रेकच्या सळ्या आणि तारा नेणं अवघड होतं.

भौतिकशास्त्र मात्र उलट सांगतं. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढं झुकतं. मागची चाकं हलकी होतात, त्यांची पकड कमी होते. थांबवण्याचं मोठं काम पुढचीच चाकं करू शकतात आणि नेमकं त्यांनाच ब्रेक नव्हते. चारही चाकांना ब्रेक सर्वसामान्य झाले ते १९२० च्या दशकात. तेव्हाच सळ्यांच्या जागी तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक येऊ लागले.

याला एक अपवाद होता. १९०३ मध्ये नेदरलँड्सच्या स्पायकर कंपनीनं शर्यतीसाठी एक मोटार बनवली. पेट्रोलवर चालणारी आणि चारही चाकांना ताकद देणारी ही पहिली मोटार मानली जाते. त्याच गाडीला चारही चाकांना ब्रेकही होते. म्हणजे चार चाकं ओढण्याची कल्पना आणि चार चाकं थांबवण्याची कल्पना एकाच गाडीत जन्माला आली. पुढं दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या. चार चाकांचे ब्रेक पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत सगळ्या मोटारींना मिळाले. चार चाकांची ओढ मात्र लष्कर, शेती आणि चिखलापुरती उरली.

म्हणून आज कुणी ‘माझी ऑल-व्हील आहे, लवकर थांबते’ असं म्हणालं, तर त्याला शांतपणे सांगायला हवं : थांबायच्या बाबतीत जवळपास शंभर वर्षांपासून सगळ्याच गाड्या ऑल-व्हील आहेत. शेजारच्या साध्या हॅचबॅकलाही चारच चाकांचे ब्रेक आहेत. थांबवतो तो टायर आणि रस्ता यांच्यातला संबंध. त्यात ऑल-व्हील भर घालत नाही. उलट तिच्या जादा दांड्यांचं आणि गिअरचं वजन थांबवायला लागतं ते वेगळंच. घोटाळा होतो तो असा की, निसरड्या रस्त्यावर साधी गाडी निघतानाच चाक फिरवून इशारा देते. ऑल-व्हील हा इशारा गिळून टाकते. आपल्याला रस्ता कोरडाच वाटत राहतो, पहिला जोराचा ब्रेक दाबेपर्यंत.

माझगावची जीप आणि दुसरा दांडा

जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्यानं एका हलक्या, चारही चाकांनी चालणाऱ्या गाडीची मागणी काढली. बँटम, विलीज आणि फोर्ड या तीन कंपन्यांच्या धडपडीतून जीप तयार झाली. महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप बनल्या.

१९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. विलीजशी करार झाला होता. १९४९ मध्ये सुट्या भागांतून आलेल्या पहिल्या जीप मुंबईच्या माझगावात जोडल्या गेल्या. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत तहसीलदार, फौजदार, साखर कारखान्याचे शेतकी अधिकारी, निवडणुकीचे उमेदवार आणि शेवटी वडापवाले, सगळ्यांची स्वारी या जीपच्या वंशजांतून झाली.

फोर-व्हील जीपमध्ये मुख्य गिअरच्या दांड्याशेजारी आणखी छोटे दांडे असत. एकानं पुढच्या चाकांना ताकद जाई. दुसऱ्यानं सगळेच गिअर खाली येत, विलीजच्या जीपमध्ये जवळजवळ निम्म्यावर. यालाच ‘लो रेंज’ म्हणतात. बहुतेकांना वाटतं, हा गिअर चिखलातून चढायला असतो. ते खरंच आहे, पण अर्धंच. लो रेंजमध्ये पहिला गिअर टाकून पाय पेडलवरून काढला, तर उतारावर इंजिनच गाडीला धरून ठेवतं. पुढची आणि मागची चाकं एकमेकांना जखडलेली असल्यानं हा रोध चारही चाकांवर वाटला जातो. म्हणजे जुन्या फोर-व्हीलमध्ये उतरायची सोय होती, पण ती ब्रेकमध्ये नव्हती, गिअरमध्ये होती.

मामाची पहिली जीप अशीच होती, एका कंत्राटदाराकडून घेतलेली जुनी फोर-बाय-फोर. ‘चढाला फोर-व्हील कवा लागलीच न्हाई,’ तो सांगतो. ‘लागायची उतरताना. पंधरा मानसं आत, दोन मागं लोंबकळत. ब्रेकच्या भरवशावर कोन उतरतंय व्हय?’ ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा एसटीच्या आणि ट्रकच्या ड्रायव्हरांचा जुना नियम. तो नियम मामाला कुणी शिकवला, ते त्यालाही आठवत नाही. रस्त्यावरच्या पाण्यातून गाडी काढली की थोडं अंतर ब्रेक हलका दाबून चालवायची, म्हणजे ड्रम सुकतात, हे मात्र त्याचं तो शिकला.

उचगावचं बीड

‘ब्रेकच्या भरवशावर कोन उतरतंय’ याचं उत्तर आमच्या गावाजवळच ओतलं जातं. उचगावच्या हद्दीत, पुणे-बंगळूर हायवेला लागून घाटगे-पाटील इंडस्ट्रीजचा कारखाना आहे. उत्तरेला शिरोली, दक्षिणेला गोकुळ शिरगाव. उसाचे घाणे आणि पाणी उपसायची इंजिनं यांच्या दुरुस्तीतून वाढलेला कोल्हापूरचा हा धंदा आज देशभरातल्या वाहनांना ओतीव भाग पुरवतो. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी कुणी ना कुणी फौंड्रीत होतं. मोल्डिंग, कोअर शॉप, फेटलिंग हे शब्द आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून माहीत.

ब्रेकचा ड्रम आणि डिस्क बहुतेक वेळा बिडाची असते. पोलाद जास्त चिवट, मग बीड का? कारण बिडात कार्बन ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. हे पापुद्रे उष्णता झटकन पसरवतात आणि कंप जिरवतात. म्हणून बिडाची डिस्क लवकर वाकत नाही, किंचाळतही नाही. शिवाय बीड स्वस्त आहे आणि ओतायला सोपं. डिस्कच्या दोन चकत्यांमध्ये हवेसाठी ज्या फटी दिसतात, त्या नंतर कापलेल्या नसतात. तिथं ओततानाच वाळूचा कोअर बसवलेला असतो. बीड थिजलं की वाळू झाडून टाकायची, फट राहते.

ब्रेक म्हणजे शेवटी वेगाची उष्णता करणारं यंत्र. त्या दिवशी आमची गाडी, आम्ही पाच जण आणि सामान मिळून एकोणीसशे किलो धरू. शंभर मीटर उंची उतरताना जेवढी ऊर्जा सुटते, तेवढ्यात साधारण साडेपाच लिटर गार पाण्याला उकळी येईल. थोडा वाटा हवा आणि टायर खातात. इंजिनला वाटा दिला, तर ते बराच खातं. नाही दिला, तर जवळपास सगळं त्या चार चकत्यांत जातं. आणि घाट शंभर मीटरवर संपत नाही. तापलेले पॅड घासतात, पण धरत नाहीत. तोच तो जळकट वास. ड्रम तापला तर फुगून लायनरपासून लांब जातो. त्याहून वाईट म्हणजे, ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषत राहतं. जुनं, ओल धरलेलं तेल लवकर उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. म्हणून ते तेल साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. मी माझ्या गाडीच्या मागच्या दारावरची अक्षरं पुसत होतो, पण ते तेल शेवटचं कधी बदललं, हे मला माहीत नव्हतं.

दांडा कुठं गेला?

चार चाकांची ओढ चिखलातून डांबरी रस्त्यावर आली ती साठच्या दशकात. १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये जेन्सन एफएफ ही मोटार विक्रीला आली. तिच्यात ऑल-व्हील ड्राइव्ह होती आणि सोबत विमानांसाठी तयार झालेली, चाक जखडू न देणारी मॅक्सारेट ब्रेक यंत्रणाही होती. ही यंत्रणा पूर्ण यांत्रिक. तिला आजच्या एबीएसची आजी म्हणता येईल. इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये बॉश आणि मर्सिडीजनं आणली. १९०३ च्या स्पायकरप्रमाणं इथंही ओढ आणि थांब यांचा विचार एकत्र होता.

नव्वदच्या दशकात क्रॉसओव्हर आल्या : १९९४ मध्ये टोयोटाची आरएव्ही-फोर, १९९५ मध्ये होंडाची सीआर-व्ही. दिसायला जीपसारख्या, आतून मोटारी. वजन, किंमत आणि खटपट कमी करायची म्हणून लो रेंजचा दांडा गेला. १९९७ मध्ये लँड रोव्हरनं फ्रीलँडर काढली, तेव्हा त्यांनाही हा प्रश्न पडला. लो रेंज नाही, मग उतरायचं कसं? त्यांनी एबीएसच्याच यंत्रणेला कामाला लावलं. बटण दाबलं की ती स्वतः एकेक चाकाचा ब्रेक दाबत-सोडत गाडी हळू उतरवते. हाच ‘हिल डिसेंट कंट्रोल’. गिअरचं काम ब्रेककडं आलं ते असं. मातीच्या छोट्या उतारावर तो उत्तम आहे. पण लांब घाटात उष्णता पुन्हा त्याच चकत्यांत जाते.

आपल्याकडंही तेच झालं. १९८५ च्या जिप्सीत लो रेंज होता. २०११ च्या एक्सयूव्ही-५०० मध्ये ऑल-व्हील आली, लो रेंज नाही. २०१४ मध्ये ऑल-व्हील डस्टर आली तेव्हा तिच्यातही तो नव्हता, पण ती उणीव भरून काढायला तिचा पहिला गिअर मुद्दाम खूप छोटा ठेवला होता. कुणा तरी इंजिनिअरला उताराची आठवण होती. आजच्या बऱ्याच क्रॉसओव्हर एरवी पुढच्याच चाकांवर चालतात. पुढचं चाक घसरलं किंवा घसरेलसं वाटलं, की संगणक एक क्लच दाबून मागच्या चाकांना ताकद देतो. सगळी हुशारी निघण्यासाठी आणि चढण्यासाठी.

आणि ती पायाखालची थरथर? ती एबीएस होती. बिचारी तिचं काम करत होती. सेकंदाला कित्येक वेळा ब्रेक सोडून-धरून चाक जखडू देत नव्हती, म्हणजे मला स्टिअरिंग वळवता यावं. अशा वेळी पाय घट्ट दाबून ठेवायचा आणि गाडी वळवायची. मी पाय उचलला. १२५ सीसीच्या वरच्या बाईकना २०१९ पासून आपल्याकडं एबीएस सक्तीची आहे, म्हणजे ती तुमच्यापैकी अनेकांच्या गाडीत असेल. रिकाम्या मैदानात, ओल्या मातीवर, हळू वेगात ती थरथर एकदा अनुभवून घ्या. पहिली ओळख घाटात नको.

हायवे तोच आहे

उचगावजवळून जाणारा हायवे सव्वादोनशे किलोमीटरवर पुण्यात शिरतो, तो कात्रजचा नवा बोगदा उतरून नवले पुलाकडं. मी दर महिन्याला तो उतार उतरतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथं एक सुटलेलं अवजड वाहन अनेक गाड्यांवर आदळलं. इंधन वाचवण्यासाठी चालकानं उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं तेव्हा पोलिसांच्या प्राथमिक तपासातून पुढे आलं. मोठ्या वाहनांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. इंजिन बंद केलं की प्रत्येक दाबाबरोबर हवा संपत जाते. न्यूट्रल केलं की इंजिनचा रोधही जातो. वाचतं ते थोडंसं डिझेल.

बातमी वाचून मी त्या ड्रायव्हरला शिव्या घातल्या होत्या. नऊ-दहा महिन्यांनी मीच घाटात इंजिनला काही काम न देता ब्रेकवर उतरत होतो. फरक एवढाच की, त्यानं डिझेल वाचवायला केलं असेल, मी तर फुकटात. त्याच्या उताराच्या शेवटी गर्दी होती, माझ्या उताराच्या शेवटी तीन दगड होते.

गेल्या दिवाळीत पुन्हा कणकवलीला गेलो. आधी ब्रेकचं तेल बदललं, पॅड बघून घेतले. गगनबावड्याला चहा झाला. घाट सुरू व्हायच्या आधी मी दांडा ‘एल’वर ओढला. इंजिन गुरगुरायला लागलं. ताशी पंचवीस. मागून हॉर्न वाजवत दोन गाड्या पुढं गेल्या. बहीण म्हणाली, ‘दादा, बैलगाडी बरी.’

मामा काहीच बोलला नाही. करूळ गाव दिसायला लागलं, तेव्हा त्यानं खिडकीची काच खाली केली, बाहेरचा वास घेतला आणि काच पुन्हा वर केली.